खोपटच्या हॉटेलातली तक्रार

धोंडिबांनी कधी कुणाकडे तक्रार केल्याचं डोंबिवलीतल्या त्यांच्या चाळीत कुणालाच आठवत नव्हतं. एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत त्यांनी उभा जन्म रात्रपाळी केली, कधी दिवसपाळी मागितली नाही. चहात साखर घालायची राहिली तरी तो तसाच पिऊन कप विसळून ठेवायचे. त्यामुळे खोपटच्या त्या हॉटेलात काउंटरसमोर उभं राहून ते "माझी तक्रार आहे" म्हणाले, तेव्हा त्यांचा मुलगा रत्नदीप हातातल्या बॅगा तशाच टाकून धावत आला.

धोंडिबांची मेहुणी केशरबाई. तिच्या मुलाची त्या संध्याकाळी हळद होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यातच लग्न. म्हणून सगळं वऱ्हाड हॉटेलात उतरलं होतं. बुकिंग करताना रत्नदीपने आईबाबांसाठी वेगळी खोली सांगितली होती. पण लग्नाची मंडळी म्हटल्यावर हॉटेलवाल्यांनी नेहमीसारखी वाटणी केली : बायका वर, पुरुष खाली. धोंडिबांच्या पत्नीची, कांताबाईंची, पिशवी एव्हाना वरच्या खोलीत गेलीही होती.

"बाबा, एका रात्रीचा तर प्रश्न आहे," रत्नदीप हळूच म्हणाला. "करू ना अॅडजस्ट."

प्रश्न त्या एका रात्रीचाच होता. गेल्या वर्षी कांताबाईंना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. बोलणं सुधारलं, हातपाय बऱ्यापैकी सावरले. पण रात्री जाग आली की त्यांना आपलंच घर ओळखू यायचं नाही. घाबरून उठून बसायच्या, "मला घरी सोडा" म्हणून रडायच्या. धोंडिबा त्यांचा हात धरून काहीबाही बोलत राहायचे, मग कधीतरी डोळा लागायचा. सकाळी कांताबाईंना सगळं आठवायचं, आणि त्याचीच फार लाज वाटायची. रत्नदीप कल्याणला वेगळा राहत होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. "पोराला सांगू नका. आणि केशरला तर मुळीच नको," एवढंच त्यांनी नवऱ्याकडे मागितलं होतं.

काउंटरवरची आसावरी समजुतीने म्हणाली, "काका, वरची खोली मोठी आहे. काकूंना काही त्रास नाही होणार."

"मी घोरतो," धोंडिबा म्हणाले.

"मग ती तक्रार बाकीच्यांनी करायची ना, काका?"

सोफ्यावरची मंडळी हसली. केशरबाईंना निमित्तच मिळालं. "काय हो दाजी, जन्मभर रात्रपाळी केलीत, तेव्हा नाही आमच्या अक्काची आठवण झाली! आता एक रात्र निघेना?"

रत्नदीप हसला नाही. "बाबा, आईला बरं नाहीये का?"

धोंडिबांनी जिन्याकडे पाहिलं. कांताबाई कठडा धरून उभ्या होत्या. एक 'हो' म्हटलं असतं तर तेवढ्यावर खोली मिळाली असती. त्या त्यांच्याकडे एकटक बघत होत्या.

"तिला काय धाड भरलीय?" धोंडिबांचा आवाज एकदम चढला. "मलाच बायको शेजारी नसली की झोप येत नाही. लिहून घ्या पाहिजे तर!"

मग जो हशा उठला, त्यात कुणीतरी शिट्टीही मारली. रत्नदीपचे कान लाल झाले. आसावरीलाही हसू आवरेना, पण किल्ल्या चाळून तिने एक पुढे केली. "किचनच्या मागे छोटी खोली आहे. भांड्यांचा आवाज येतो म्हणून कुणाला देत नाही. चालेल?"

"पळेल."

खोलीत पलंग आणि भिंत यांच्यात जेमतेम एक माणूस मावत होता. कांताबाई पलंगाच्या कडेवर टेकल्या.

"आता केशर सगळ्या सोयऱ्यांत सांगत सुटेल."

"सुटू दे."

"या वयात हसं करून घेतलंत."

"माझंच झालं ना?"

पलीकडे कुणीतरी पातेली घासत होतं. कांताबाईंनी वरून परत आणलेल्या पिशवीतून हळदीला नेसायची साडी काढली. डाव्या हाताने निऱ्या अजून नीट धरता येत नसत.

"दार लावून घ्या आधी," त्या म्हणाल्या. "आणि बसा इथं खाली, निऱ्या धरायला. एवढी हौस आहे ना बायकोची!"