टाकीमागची झेंडी

विमानातून काढलेल्या फोटोत माणसाला स्वतःचं घर हमखास सापडतं, मग ते तिथे असो वा नसो. हे ज्ञान मला आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये झालं. एका सभासदाच्या मुलानं कुठूनसा एक जुना हवाई फोटो मिळवला होता आणि मंडळानं तो भिंतभर मोठा करून लावला. डाव्या कडेला शिवनाथ नदीचं वळण, काठावर दाटीवाटीनं बसलेलं दुर्ग, मधून गेलेली रेल्वेची रेघ, आणि पार उजवीकडे आमची भिलाई, म्हणजे तेव्हा पोलाद कारखान्याच्या कामगारांसाठी नुकता वसत असलेला कॅम्प. या, आपली जागा ओळखा आणि टाचणीला लावलेली कागदी झेंडी तिथे टोचा, असं सगळ्यांना कळवण्यात आलं.

मग काय विचारता. एका काकांनी तांदळाच्या दाण्याएवढ्या ठिपक्यावर बोट ठेवून ती आपली मोरी असल्याचं जाहीर केलं. एका बाईंना अंगणात वाळत घातलेली सासूची लुगडी दिसली, रंगासकट, आणि फोटो होता काळापांढरा. दोन सख्ख्या भावांनी वडिलांचं घर म्हणून दोन वेगळ्या छपरांवर झेंड्या लावल्या आणि एकमेकांशी बोलणं टाकलं. तसे ते आधीही बोलत नव्हते, पण आता निदान सांगण्यासारखं कारण झालं.

दुर्गच्या जुन्या घराण्यांचा थाट तर बघण्यासारखा होता. पिढ्यान् पिढ्या तिथे काढल्यामुळे नदी जणू त्यांच्याच नळाला येते. आम्ही भंडाऱ्याकडून कारखान्याच्या नोकरीसाठी आलेल्यांची मुलं. आम्हाला ते 'चिमणीकाठचे' म्हणतात, हसत हसत, पण म्हणतात. मंडळाचे सचिव त्यांच्यातलेच. निवृत्त प्राध्यापक, हातात लाल ठिपका पाडणारी बॅटरी आणि जिभेवर शुद्ध मराठी. कुणी 'सडक' म्हटलं की ते 'रस्ता' म्हणत, 'खिडकीके बाजूला' म्हटलं की डोळे मिटून घेत. त्यांचे स्वतःचे नातू घरात मराठीतून फक्त जेवायला मागतात, बाकी सगळा कारभार हिंदीत. पण त्या नातवांना मंडळात कुणी आणत नाही, त्यामुळे सचिवांचं शुद्धलेखन अबाधित आहे.

मी या तमाशाला जाणार नव्हते. आईनं हट्ट धरला. ती ऐंशीच्या पुढे, सेक्टर 10 मध्ये माझ्याकडे असते, गुडघे कामातून गेलेत. तिला घर ओळखायचं नव्हतं. तिला कॅम्पातली टाकी बघायची होती, आणि टाकीमागची जागा.

त्या जागेचं सांगायला हवं. लोक मला घरातली थोरली म्हणतात, पण मी दुसरी. माझ्या आधी एक मुलगी झाली होती, ती बारशापर्यंतही राहिली नाही. इतक्या लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात. एरवी नदीवर नेलं असतं, पण नदी लांब आणि वडिलांची दुपारची पाळी. शेजारच्या दोन माणसांना घेऊन ते गेले. बाळंतीण खाटेवर, तिला कोण नेणार? परत आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "टाकीमांगं ठेवलं तिले." आणि ड्यूटीवर गेले. नंतर हा विषय निघाला की ते ताटावरून उठून जात, म्हणून आईनं विचारणं सोडून दिलं.

त्यानंतर आई वर्षभर माहेरी होती. परत आली तेव्हा कॅम्पात सिनेमा टॉकीज उभी होती. तिच्या गावी पाणी विहिरीचं, टाकी कुणी पाहिलेली नाही. जत्रेत मात्र तंबूतला सिनेमा यायचा आणि त्याला सगळं गाव 'टाकी' म्हणायचं. बाळंतपणाआधी ती गल्लीबाहेर पडलेलीच नव्हती, त्यामुळे टॉकीज आधीपासूनचीच असं धरून तिला जागा सापडली. तेव्हापासून टॉकीजवरून जाताना ती रिक्षातूनही हात जोडायची. आम्ही भावंडं पोट धरून हसायचो, कारण वर पोस्टरवर कधी बंदूक घेतलेला हीरो असे, कधी भिजलेली हीरोईन, आणि खाली आमची आई डोळे मिटून उभी. वडिलांना ती पोस्टरला नमस्कार करते असंच वाटायचं. "तुही आई सिनेमावाल्याइची भक्त हाय," म्हणून तेही हसायचे. त्यांनी एकदा, फक्त एकदा, 'कावून हात जोडते?' म्हणून विचारायला हवं होतं. त्यांच्यावरचा माझा हा राग ते गेल्यावरही गेलेला नाही. मला आईनं खरं सांगितलं तेव्हा मीही दोन मुलांची आई झाले होते. पुढे टॉकीज बंद पडली, तिथे कपड्यांचं मोठं दुकान झालं, आणि आई आता सेलच्या पाटीला हात जोडते.

तर रविवारी संध्याकाळी तिला घेऊन गेले. खुर्ची फोटोसमोर ठेवली. सचिवांनी लाल ठिपका भिंतीवर फिरवत नदीपासून सुरुवात केली, कारण त्यांच्या मते सगळ्याचीच सुरुवात नदीपासून होते. कॅम्पापर्यंत यायला चहा झाला. मी विचारलं, टॉकीज कुठे आहे? ते खूश झाले. या फोटोत टॉकीज असूच शकत नाही, म्हणाले, ती नंतर बांधली, पहिल्या खेळाला ते स्वतः दुर्गहून सायकलनं आले होते. आजूबाजूच्या चार म्हाताऱ्यांनी दुजोरा दिला आणि पहिला सिनेमा कोणता यावर भांडण सुरू झालं.

आईचा चेहरा बघवेना. फोटो ती बाळंत झाली त्याच वर्षाचा, तेव्हा टॉकीज नव्हतीच, मग तिच्यामागं काय ठेवलं? वडील खोटं बोलले का, हेच तिच्या मनात आलं असणार, माझ्याही आलं. मला त्या पाचही जणांना पहिल्या खेळाला परत पाठवावंसं वाटलं.

तेवढ्यात कुणीतरी झोपड्यांच्या रांगेशेजारचा गोल ठिपका दाखवून म्हणालं, ही पानी की टंकी. सचिवांनी डोळे मिटले.

"टंकी नव्हे हो," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "टाकी. मराठीत टाकी म्हणतात. भंडाऱ्याहून आलेले तुमचे वडीलही टाकीच म्हणत असतील."

हॉलमध्ये दोघं-तिघं हसले. आई हसली नाही. भिलाईत येऊन सगळ्यांचीच जीभ हिंदी झाली. पाणी गेलं की आमच्या घरातही 'टंकी खाली झाली' असंच म्हणत. पाण्याच्या टाकीला टाकी म्हणतात हे आईनं इतक्या वर्षांत ऐकलंच नसेल, किंवा ऐकूनही ते आपल्याला लागू असेल असं तिला वाटलं नसेल. वडील तेव्हा गावाहून नवे आलेले, त्यांची जीभ अजून बिघडली नव्हती.

"हे बी टाकीच काय?" आईनं विचारलं.

"हीच टाकी, बाई," सचिव म्हणाले. "टॉकीजच्या आधीपासूनची."

आई खुर्चीत पुढे वाकून गोल ठिपक्याकडे बघू लागली. मग माझा हात धरून म्हणाली, "एवढे वर्स त्या हीरोईनीइले हात जोडले म्या." आणि हसायला लागली. मी आधी हसले, मग लक्षात आलं की ती हसत नव्हती.

सचिव घाबरले. त्यांनी पाणी मागवलं, पंखा वाढवला, आणि काय झालं ते मी हळू सांगितल्यावर पहिल्यांदाच त्यांना एकही शब्द दुरुस्त करावासा वाटला नाही. त्यांनी स्वतः झेंडी आणून आईच्या हातात दिली. मी तिला धरून उभं केलं. टाकीची सावली जिकडे पडली होती तिकडे, थोडी मोकळी जागा दिसत होती तिथे, तिनं टाचणी टोचली. झेंडीवर काय लिहू म्हणून सचिवांनी पेन काढलं.

"नाव ठेवलंच नोतं," आई म्हणाली. झेंडी कोरी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी तिला रिक्षानं टाकीपाशी नेलं. टाकी अजून उभी आहे. मागं सायकल स्टँड आहे आणि एका बाजूला कचऱ्याचा ढीग. तिथं उतरून हात जोडायला जागाच नव्हती, म्हणून तिनं रिक्षातूनच जोडले. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. त्याला विचारावंसं वाटलं नाही, आणि मला सांगावंसं.

पुढच्या रविवारी एकटीच मंडळात गेले. आठवडाभरात समितीतल्या कुणा शिस्तप्रिय माणसाला कोरी झेंडी खटकली होती. त्यानं तिच्यावर सुंदर, वळणदार अक्षरात 'पाण्याची टाकी' असं लिहून टाकलं होतं. सचिवांनी चार वेळा माफी मागितली. मी त्यांना जे बोलले ते शुद्ध मराठीत होतं, पण इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी येऊन आईला सांगितलं, उद्या जाऊन ती झेंडी काढून नवी लावून येते. आई शेंगा सोलत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "बराबर लिवलं त्याइनं. तुह्या बापानं पाण्याची म्हनलं असतं, त मी चुकली नसती."