अण्णांचा आवाज आणि आमचा सर्व्हर

शिनोलीच्या आमच्या घरात एक सर्व्हर आहे आणि आई त्याला ‘डबा’ म्हणते. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ त्यात असतात. पुण्यात मी असलेच डबे दुरुस्त करून पोट भरतो, त्यामुळे हा मीच जोडला. त्यात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक व्हिडिओ आहे. ही गोष्ट घडली तेव्हा अण्णा जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचा आवाज तेवढ्या एकाच ठिकाणी उरलेला. (दुसरी प्रत? ती ठेवावी असं मी लोकांना सांगत असतो.)

त्या दसऱ्याला घरी होतो. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, विळा-कोयता, पाण्याची मोटार यांच्याबरोबर डब्याचीही यथासांग पूजा केली. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर आई म्हणाली, “अण्णांचं लाव की रं जरा.”

लावलं. अण्णांनी तोंड उघडलं आणि डबा बंद. पुन्हा चालू केला, पुन्हा अण्णांनी तोंड उघडलं, पुन्हा बंद.

“जित्तेपणी बी असंच. बोलता बोलता उठून जायचे,” आई म्हणाली आणि तिनं डोळ्याला पदर लावला. मी मात्र वायरी चाचपायला लागलो.

म्हटलं, विजेचा दोष. घोडेगावात मिळाला नाही, म्हणून मंचरहून नवा पॉवर सप्लाय आणून बसवला. तरी बंदच. मग संशय आईच्या मिक्सरवर. “मिक्सर लावायचा नाही, मोटार लावायची नाही,” मी हुकूम सोडला. बिचारीनं चार दिवस पाट्यावर चटणी वाटली, हापशावरनं पाणी आणलं. डबा बंद पडायचा तो पडतच होता!

“तुला हापिसात ह्याचाच पगार देत्यात ना?” आईनं शांतपणे विचारलं.

पाचव्या दिवशी मेमरी तपासणारा प्रोग्राम लावला. (हे पहिल्या दिवशी करायचं असतं. तेही मी लोकांना सांगत असतो.) चुकाच चुका! मेमरीच्या दोन पट्ट्यांची अदलाबदल केली, तर दोष पट्टीबरोबर न हलता त्याच खाचेत राहिला. म्हणजे पट्ट्या शाबूत, खाचेत काहीतरी गडबड. आईनं बॅटरी धरली, मी डोकावलो. आत हळद होती आणि कुंकवात भिजलेला तांदळाचा एक दाणा.

“ही अक्षता कुणी टाकली?”

“खंडेनवमीला डबा उघडून, पट्ट्या काढून कोण बसलं व्हतं? मी म्हणलं, वरून लाव. तू म्हणला, आतल्या यंत्राची पूजा करायची असती.”

मी चिमट्यानं दाणा काढला, ब्रशनं खाच झाडली, पट्टी बसवली. डबा चालू झाला. आई पदर सावरून समोर बसली. व्हिडिओत ओसरीवर बसलेले अण्णा, नेहमीसारखे तंबाखू मळत, पाहुण्यांना सांगत होते, “ह्यो आमचा इंजिनेर. ल्हानपणी खंडेनवमीला ह्यानं इंजनाच्या डिझेलच्या टाकीत अक्षता टाकल्या. चार दिस पाणी न्हाई भाताला. म्हणलं, लेका, हळद-कुंकू वरून लावत्यात, आत न्हाई.”

आई हसता हसता रडायला लागली. मलाही आवरेना.

आता त्या व्हिडिओच्या तीन प्रती आहेत: एक डब्यात, एक पुण्यात, आणि एक माझ्या मोबाइलमध्ये. मोबाइलमधली प्रत आई मला दर खंडेनवमीला ऐकवते, तेही माझ्या हातात हळदीची वाटी देण्याआधी.