बिनलेबलचं पाणी

आमच्या कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेतल्या असिस्टंट बाई कोथरूडहून स्कूटरवर हातमोजे घालून येतात आणि दारातच ते काढून प्रयोगशाळेचे चढवतात. बिनलेबलची बाटली त्यांना खपत नाही. माझं कोकम सरबत त्यांनी सरळ घातक कचऱ्याच्या कॅनमध्ये ओतलं होतं.

परवा पाहुण्यांसमोर प्राचार्यांची बाटलीही तशीच रिकामी झाली.

“अहो, पाणी होतं ते!” प्राचार्य ओरडले.

“दिसत होतं पाण्यासारखं,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य बाटलीवर मुद्दाम चिठ्ठी डकवून आले: ‘पिण्याचे पाणी’, खाली सही आणि तारीख. मला वाटलं, आता बाई हरल्या. त्यांनी चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचली आणि दारावरच्या ‘आत खाणेपिणे बंद’ या पाटीकडे बोट केलं.

“पिण्याचं आहे ना, सर? मग आत आणलंत कशाला?”