कंपनी कुणातली?

श्रीमंततात्याने बावीस वर्षं लग्नं जमवली, आणि त्या बावीस वर्षांत त्याला स्वतःबद्दल एकदाही शंका आली नाही. संगमनेरच्या स्टँडजवळ एका सायकल दुकानाच्या फळीवर त्याची सकाळची बैठक असायची. डोक्याला टोपी, काखेत पिशवी, पिशवीत स्थळांचे कागद. सावळी मुलगी त्याच्या कागदावर निमगोरी व्हायची आणि बारावी नापास मुलगा ‘बारावीपर्यंत’ शिकलेला. संसार नीट चालला तर तात्याने जमवलं म्हणून, आणि मोडला तर त्यांच्या नशिबात नव्हतं म्हणून. असा धंदा करायला फार अक्कल लागत नाही, फक्त तोंड लागतं. ते त्याला देवाने भरपूर दिलं होतं.

अशा माणसाच्या हातात आमच्या नोकऱ्या कशा गेल्या, ते सांगते.

नगर जिल्ह्यातून पुण्याला, मुंबईला, अमेरिकेला गेलेल्या पाच-सहाशे लोकांनी तेव्हा इंटरनेटवर एक ई-ग्रुप काढला होता. एकाने पत्र टाकलं की ते सगळ्यांना पोचायचं. साल १९९९. दोन हजार साल उजाडलं की जुने प्रोग्रॅम तारखा चुकवणार म्हणून कंपन्यांना कोबोल ही जुनी संगणकाची भाषा येणारी माणसं हवी होती, आणि पुण्यातल्या कंपन्यांतले लोक त्या ग्रुपवर विचारत होते, आपल्याकडची पोरं आहेत का कुणी? तिकडून कॅलिफोर्नियातल्या एकाने लिहिलं, अर्ज गोळा करायला आमचे तात्या आहेत की. त्याचं लग्न तात्याने जमवलं होतं. एवढीच तात्याची पात्रता, आणि तेवढी सगळ्या शिकलेल्या लोकांना पुरली.

तात्या रोज अकरा वाजता फैयाजच्या कॅफेत जायचा. दोन संगणक आणि एक पंखा, असा तो कॅफे. फैयाज पत्रं उघडून वाचून दाखवायचा, छापून द्यायचा. ते कागद पिशवीत घालून तात्या गावभर हिंडायचा. आम्हाला वाटायचं, ग्रुप म्हणजे तात्याचंच खातं आहे. तोही तसंच वाटू द्यायचा.

मी यशोधरा. वडील भीमराज एसटीत मेकॅनिक. मी डिप्लोमा केला होता आणि एका क्लासमध्ये वर्षभर कोबोल शिकवतही होते. घरी ठरलं होतं ते असं: पंधरा जूनपर्यंत संगणकातली नोकरी लागली तर लागली, नाही तर राजूरच्या एका आश्रमशाळेत लिपिक म्हणून रुजू व्हायचं. मामांनी शब्द टाकून ती जागा धरून ठेवली होती. जागा वाईट नव्हती. पण तिथे मी आयुष्यभर हजेरीपट लिहिणार होते, आणि शिकलेलं सगळं दोन वर्षांत विसरणार होते.

फेब्रुवारीत मी तात्याकडे अर्ज दिला. त्याने तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, उंची लिहिली न्हाई? मामाचं गाव? कोबोलबद्दल अवाक्षर नाही. मग तो एकदा घरी येऊन गेला, ‘घर बघायला’. उमेदवाराचं घर बघितल्याशिवाय तो पुढचं पाऊल टाकत नसे. माझी आई भामाबाई, तिने चहा ठेवला तर म्हणाला, आत्ताच घेतला. हे ‘आत्ताच’ आम्हाला पाठ आहे. आईने कप उचलून आत नेला.

मार्च गेला, एप्रिल गेला. माझ्या क्लासमधल्या दोन पोरांना पुण्याहून बोलावणं आलं. त्यातल्या एकाला मी स्वतः शिकवलं होतं, आणि त्याला फाईल उघडलेली बंद करायचं भान नसायचं. मे महिन्यात मी तात्याला फैयाजच्या कॅफेतच गाठलं. त्याच्यासमोर तीन फायली होत्या. एकीवर ‘आपली’ लिहिलेलं, दुसरीवर ‘इतर’. तिसरीवर काहीच नव्हतं. माझा अर्ज त्या तिसरीत निघाला, वर कुंकवाचं बोटसुद्धा न लावलेला. पाठवलेल्या अर्जांना तो ते लावायचा.

मी विचारलं, हा पाठवला का नाही?

तात्या मुळीच ओशाळला नाही. उलट प्रेमाने म्हणाला, “पोरी, तुमच्यातली कंपनी अजून आली न्हाई. आली की पयला अर्ज तुजाच.”

मला आधी कळेचना. मग कळलं. हा माणूस प्रत्येक कंपनीचा कागद आला की पुण्याला फोन करून विचारायचा, कंपनी कुणातली? मालकाचं आडनाव काय? आणि मग तिला साजेसे अर्ज काढायचा, जसं मुलीला साजेसं स्थळ काढावं. त्याच्या मते यात दुष्टपणा काही नव्हता. शोभेल तिथेच द्यावं, नाही तर पुढे दोघांनाही जड जातं, हे त्याचं बावीस वर्षांचं ज्ञान. आणि पुण्यातले ते शहाणे त्याला आडनाव सांगतही होते. एकाही साहेबाला वाटलं नाही की याला विचारावं, बाबा रे, तुला हे कशाला पाहिजे?

तात्या गेल्यावर फैयाज हळूच म्हणाला, “ताई, ग्रुपात कुणाला बी शिरता येतं. तात्याची परवानगी लागत न्हाई.”

तीन महिने मी एका उघड्या दाराबाहेर उभी होते. स्वतःचाच संताप आला. त्याच खुर्चीवर बसून मी नाव नोंदवलं. ग्रुपवर पुण्याच्या एका कंपनीतल्या बाईंनी प्रश्न टाकला होता. त्यांचा जुना प्रोग्रॅम सालाच्या जागी ९९ दिसलं की पुढच्या नोंदी वाचायचाच नाही, थांबायचा. मला हसू आलं. जुन्या लोकांनी ९९ ही ‘यादी संपली’ची खूण म्हणून वापरली होती; क्लासमध्ये मी असाच एक प्रोग्रॅम दुरुस्त केला होता. कुठल्या ओळीत शोधायचं आणि काय बदलायचं ते मी इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहून टाकलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: चाललं. तुम्ही कधी येऊ शकता? उंची कुणी विचारली नाही. सात जूनला मी रुजू झाले, आणि राजूरची जागा मामांनी दुसऱ्या कुणाला तरी दिली.

पहिल्या सुट्टीला घरी आले तर तात्या हजर. मध्यस्थाचा मान घ्यायला, टोपी-टॉवेल-नारळ. नोकरी त्यानेच जमवली असं तो गावभर सांगून आला होता. वडील भिडस्त, त्यांनी नारळ आणायला माणूसही धाडला. आईने पुन्हा चहा ठेवला आणि तो पुन्हा ‘आत्ताच’ घेऊन आला होता. मग पिशवीतून वही काढून त्याने मला विचारलं, “तुला घेतली ती कंपनी कुणातली गं?”

मालक कोण, कुठला, मला माहीत नव्हतं. पण त्या कपाकडे बघून माझ्या तोंडून निघून गेलं, “आमच्यातलीच निघाली, तात्या.”

तो खुश झाला. “वाटलंच मला,” म्हणाला आणि वहीत लिहून घेतलं. मी आत जाऊन पोट धरून हसले.

त्या अडाण्याने दुसऱ्याच दिवशी तिसरी फाईल उघडली आणि तिच्यातले सगळे अर्ज कुंकू लावून आमच्या कंपनीला पाठवले. अकरा अर्ज. कंपनीला माणसं कमीच पडत होती, चौघांना घेतलं. माझ्या दोन पानी अर्जाने जे झालं नाही ते एका थापेने झालं, आणि तात्या ‘मी ह्या लोकांसाठी लई केलं’ म्हणत मिरवू लागला. पुण्यात मी ही गोष्ट रंगवून सांगायची आणि सगळे हसायचे.

दिवाळीला फैयाजच्या कॅफेत गेले. त्याची बहीण मेहरीन तिथे बसली होती. तिलाही कोबोल येतं, माझ्याच क्लासची. तिचे वडील बाबाजानचाचा जुन्या वळणाचे. पोरीचं नाव परगावी जायचं तर मध्ये वडीलधारा माणूस हवा, म्हणून तिचा अर्ज त्यांनी तात्याकडेच दिला होता. मी विचारलं, तुझं काय झालं? त्या तिसऱ्या फायलीतले सगळे पाठवले ना त्याने?

“सगळे न्हाई,” फैयाज म्हणाला. “हिचा एकटीचा ठेवला. म्हणाला, ती कंपनी यशोधराच्या लोकांची हाय. तुमच्यातली अजून आली न्हाई.”

बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मी इतके महिने ज्या वाक्यावर हसत होते, ते मीच तात्याच्या वहीत लिहवून घेतलं होतं. त्याच्या अकलेला नावं ठेवता ठेवता मी त्याला आणखी एक भिंत बांधून दिली होती.

मेहरीन खाली मान घालून कीबोर्डवरची धूळ पुसत होती. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, चाचांशी मी बोलते, तू आधी ग्रुपात नाव टाक.