समोरच्या दुकानाची पिशवी

कोथरूडमधले भीमरावांचे औषधांचे दुकान लहान होते, पण शिस्तीचे. औषधशास्त्राची पदविका मिळवणारे ते घराण्यातले पहिलेच. भिंतीवरचा परवाना ते रोज सकाळी स्वतः पुसत. डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा विचारपूस केल्यावाचून त्यांनी कोणाच्या हातावर ठेवली नाही. आणखी कोणती औषधे चालू आहेत? यकृताचा विकार? दारू? मग बजावणी होई, "पॅरासिटामॉल पाचशेची आहे. दोन वेळांत किमान चार तास जाऊ द्या. दिवसाला आठ म्हणजे कमाल, नववी नाही." लोक त्यांना 'चौकशी आयोग' म्हणत, पण उत्तरे खरी देत.

२००४ साली समोर काचेच्या दाराचे दुकान उघडले. आत गारवा, संगणकावर निघणारे बिल, गळ्यात ओळखपत्रे अडकवलेल्या तरुणांची वर्दळ. भीमराव एक ते चार कुलूप लावून जेवायला जात, तेव्हाही ते दार उघडेच. तिथे बसणारी निकिता वयाने त्यांच्या मुलीएवढी, पण पदवीधर. गाऱ्हाणे गारव्याचे असले, तरी झोंबली होती ती पदवी.

तिकडची पांढरी पिशवी कोणाच्या हाती दिसली की भीमरावांची जीभ वळवळे. "आमच्याकडे नुसता पंखा आहे. चालेल ना तुमच्या तापाला?" लोक आधी हसले. पुढे पिशवी स्कूटरच्या डिकीत ठेवून मगच पायरी चढू लागले. पिशव्या दिसेनाशा झाल्या, तेव्हा भीमरावांना वाटले, गिऱ्हाईक परतले. त्या रात्री ते समाधानाने जेवले.

निवृत्त शिक्षिका सुशीलाबाई तापाने कणकणत आल्या. भीमरावांनी पॅरासिटामॉलची साडेसहाशेची पट्टी काढली. "सहा तासांनी एक. आणखी काही घेताय?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. आणि पदराखालची पर्स जरा आवळून धरली.

तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. चेहरा उतरलेला, अन्नावर वासना नाही, सारखे मळमळते. सुटे पैसे काढताना पर्समधून सर्दीच्या गोळ्यांची जवळजवळ रिकामी पट्टी फळीवर पडली. भीमरावांनी ती उजेडात धरली. बारीक अक्षरांत तेच औषध होते, पाचशे मिलिग्रॅम.

"या दिवसाला किती?"

"चार. सर्दीच्या आहेत ना त्या!"

तापाच्या गोळ्यांचे सव्वीसशे आणि या गोळ्यांचे दोन हजार मिलिग्रॅम. चार हजारांची वेस दोन दिवस ओलांडली गेली होती.

"बाई, मी विचारलं होतं तुम्हाला!"

"विचारलं होतंत. दुपारी तुमचं कुलूप होतं, म्हणून तिकडून घेतल्या. तिथल्या मुलीनंही विचारलं, पण तेव्हा खरंच दुसरं काही चालू नव्हतं. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही चार माणसांत तो पंख्याचा टोमणा मारला असतात. औषधाला येते मी, भीमराव, बोलणी खायला नाही."

भीमरावांनी ती पट्टी खिशात टाकली, भर पाच वाजता दुकानाचे शटर ओढून घेतले आणि बाईंना रिक्षाने रुग्णालयात नेले. तिथे रक्त तपासले, उपचार झाले, दोन दिवस नजरेखाली ठेवले. यकृत वाचले.

बाई घरी परतल्या त्या दिवशी भीमरावांनी काचेचे ते दार प्रथमच ढकलले. निकिता उठून उभी राहिली. त्यांनी सर्दीची पट्टी तिच्यापुढे ठेवून घडलेले सांगितले आणि म्हणाले, "हिच्यातही तेच औषध आहे, हे प्रत्येकाला तोंडाने सांगत जा. वर ताप आला तर आधी विचारायला या, म्हणावं." मग त्यांनी पुस्ती जोडली, "माझ्याकडे आले तरी चालतील."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानात पाटी लागली: 'चालू असलेली सर्व औषधे दाखवावीत. ती कोठून घेतली, हे विचारले जाणार नाही.'

पाटी वाचून एका गृहस्थांनी चाचरत पांढरी पिशवी फळीवर ठेवली. भीमरावांनी समोरच्या झगमगत्या काचेकडे पाहिले. मत्सर जागचा हलला नव्हता. जिभेच्या टोकाशी आलेले वाक्य तर फारच धारदार होते. त्यांनी ते गिळले, चष्मा चढवला आणि पिशवीतल्या पट्ट्यांवरची बारीक अक्षरे एकेक करून वाचायला घेतली.