मलिदा आणि आतल्या खोलीतला भाचा

माझ्या मुलीच्या लग्नाला भाचा इस्राएलहून येणार हे कळलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या नवऱ्याला झाला. भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. आम्ही बडोद्यात प्रतापनगरला रेल्वे क्वार्टर्समध्ये होतो तेव्हा बहिणीचं बिऱ्हाड शेजारीच होतं, आणि हा पोरगा स्वतःच्या घरापेक्षा आमच्याकडेच जास्त जेवायचा. तो पाचवीत असताना ते सगळे इस्राएलला गेले. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले, मराठी बोलणारे ज्यू. बडोद्यात आमची घरं बोटांवर मोजण्याइतकी. कारेलीबागेत राहायला आलो तेव्हा शेजारणीने विचारलं, "तुम्ही पारशी का?" मी सगळं नीट समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अच्छा, म्हणजे पारशीच."

भाचा निघायच्या आधी बहिणीचा फोन आला. तिकडे ती वृद्धांची देखभाल करायचं काम करते.

"ताई, तो आता पहिल्यासारखा राहिला नाही," ती म्हणाली. "कोर्स सोडून अरब गावांशेजारच्या एका टेकडीवर राहायला गेलाय, तसल्याच पोरांच्या टोळक्यात. देवाने ही जमीन फक्त आपल्याला दिली, दुसऱ्या कुणी तिथे राहायचंच नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या हातचं खात नाही. पण तुझ्याकडे यायला तयार झाला. तू जरा बघ."

"बघते," म्हटलं. काय बघायचं ते मलाही ठाऊक नव्हतं.

नवरा त्याला स्टेशनवरून घेऊन आला. दाढी, कानांवरून लोंबणाऱ्या लांब बटा, डोकं झाकेल एवढी विणलेली टोपी, शर्टाखालून बाहेर आलेले प्रार्थनेचे दोरे. सोसायटीत बातमी पसरली की आमच्याकडे कुणी गायक आलाय. मी जवळ घ्यायला गेले तर तो मागे सरकला, मग बहुधा मी मावशी आहे हे आठवून पुढे आला. पानं वाढली तेव्हा म्हणाला, "मावशी, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या भांड्यांतलं मला चालणार नाही. ती कोशर नाहीत."

कोशर म्हणजे आमचे खाण्यापिण्याचे धर्मनियम. ते आम्हीही पाळतो, मटणाबरोबर दूध-दही खात नाही, बिनखवल्याचा मासा घरात आणत नाही. पण त्याच्या हिशेबाने तेवढं पुरेसं नव्हतं. नवऱ्याचा चेहरा उतरला. मी मात्र त्याला स्कूटरवर मागे बसवून मांडवीच्या बाजारात नेलं आणि नवा कुकर, पातेलं, ताट, चमचे घेऊन दिले. त्याला त्याचे नियम पाळायचे होते, तर माझी ना नव्हती. संध्याकाळी त्याने स्वतः खिचडी केली आणि खालून चांगली करपवली.

"दादा, करपलेलं कोशर असतं का रे?" माझ्या मुलीने विचारलं.

तो एवढा हसला की ठसका लागला. मला वाटलं, पोरगा अजून आत कुठेतरी आहे.

लग्न अहमदाबादला होतं, पण त्याआधी घरी मलिदा करायचा होता. आमच्यात शुभकार्याच्या वेळी एलियाहू नबीच्या, म्हणजे आमच्या प्रेषिताच्या, नावाने भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं असं ताट मांडतात, प्रार्थना म्हणतात, मग सगळ्यांना प्रसाद वाटतात. चहाच्या वेळी मी खोबऱ्याचा विषय काढला आणि त्याचा चेहरा बदलला.

"हे ज्यू धर्मात नाहीच," तो म्हणाला. "तुम्ही हे मूर्तिपूजकांकडून उचललंय. आणि त्याला बाहेरची माणसं कशाला बोलावता?"

मग त्याने माझ्या नवऱ्याला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, शाळेतलं बक्षीस दाखवावं तसा. तोंडं झाकलेली काही पोरं कुणा अरब शेतकऱ्याची ऑलिव्हची झाडं करवतीने कापत होती. त्यांतला एक हा स्वतः होता. मागे एक म्हातारी ओरडत होती. नवऱ्याने कप खाली ठेवला आणि तो गॅलरीत निघून गेला.

"ती बाई काय म्हणत होती?" मी विचारलं.

"मला अरबी येत नाही."

"मलाही येत नाही. पण मला कळलं."

मी पुढे म्हटलं, "हे बघ, तू वेगळं जेव, हवे तेवढे नियम पाळ, मी तुला मदत करीन. पण तुझा धर्म करवत घेऊन दुसऱ्याच्या शेतात शिरला, तर मी तुझ्या बाजूने नाही. हे या घरात पुन्हा लावायचं नाही. आणि आमच्याकडे कोण येणार, ते आम्ही ठरवणार."

"मावशी, तुला धर्म माहीत नाही."

"नसेल. पण घर माझं आहे, हे माहीत आहे."

मलिद्याच्या सकाळी शेजारणीने हौसेने दाराला झेंडूचं तोरण लावलं. अहमदाबादहून मुलाकडची मंडळी आली. आणि तांदळज्याच्या मुस्लिम वस्तीतून चाचा आले, रेल्वे वर्कशॉपमधले नवऱ्याचे सर्वांत जुने मित्र. भाच्याला सायकल शिकवली ती यांनीच. दारातूनच त्यांनी हात पसरले, "अरे दीकरा, केटलो मोटो थई गयो!"

भाचा उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "हे बसणार असतील तर मी बसणार नाही."

चाचा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बेन, मी थोडा वेळ नीचे बेसुं?"

"तुम्ही इथेच बसायचं," मी म्हटलं. मग भाच्याला सांगितलं, "तुला बसायचं नसेल तर आतल्या खोलीत बस. तुला कुणी घालवून देणार नाही. यांनाही नाही."

तो आत गेला. आमच्यात दहा पुरुष असल्याशिवाय काही प्रार्थना म्हणता येत नाहीत, आणि आता एक कमी पडला. नवरदेवाचे आजोबा क्षणभर आतल्या दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जेवढं म्हणता येतं तेवढं म्हणू. नबी समजून घेईल." आणि त्यांनी गाणं सुरू केलं. शेजारणीला शब्द येत नव्हते, पण तिने टाळ्यांचा ठेका असा धरला की आजोबांना लय वाढवावी लागली. चाचांनी दोनदा पोहे मागून घेतले. नवरी मुलगी इतकी हसत होती की तिची सासू म्हणाली, "बरं झालं, घर गाजतं राहील."

सगळे गेल्यावर मी आत गेले. तो पलंगाच्या कडेला बसला होता. मी शेजारी बसले आणि विचारलं, "त्या टेकडीवर असं काय मिळालं रे तुला?"

त्याने शर्टाबाहेरचे दोरे बोटाला गुंडाळले. मग म्हणाला, "तिकडच्या शाळेत मला सगळे इंडियन म्हणायचे. तुम्ही खरे ज्यू आहात का, असं विचारायचे. एका मास्तरांनीसुद्धा विचारलं. टेकडीवर मला हे कुणीच विचारलं नाही."

हे त्याने आईलाही कधी सांगितलं नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. या वेळी तो सरकला नाही.

"म्हणजे तो प्रश्न किती लागतो, हे तुला माहीत आहे," मी म्हटलं. "आणि तोच प्रश्न तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन मला विचारलास."

तो रडला. मीही रडले. मग मुलगी दारात येऊन म्हणाली, "रडणं माझ्या पाठवणीला ठेवा," आणि आम्हाला हसावं लागलं.

लगेच काही चमत्कार झाला नाही. लग्नात मात्र तो घाम फुटेस्तोवर नाचला. परत जाण्याच्या आदल्या दिवशी "जरा येतो" म्हणून माझी स्कूटर घेऊन गेला. तासाभराने चाचांचा फोन. "आव्यो हतो. स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आला होता, माझ्याकडचा चहासुद्धा घेतला नाही. पण बसला. माफी मागितली. मग मी सायकल शिकवताना त्याला दोनदा पाडलं होतं, त्याची माफी मी मागितली."

त्याने टेकडी सोडली, पण सहजासहजी नाही. दोन-तीनदा परत गेला, पुन्हा घरी आला. आता बहिणीच्या गावात एसी दुरुस्त करतो. बटा अजून आहेत, नियमही कडक आहेत, पण बहिणीने भांडी वेगळी केल्यापासून तिच्या हातचं खातो. त्या शेतकऱ्याकडे माफी मागायला मात्र तो अजून गेलेला नाही. मी दर वेळी विचारते आणि तो दर वेळी विषय बदलतो. मी विचारायचं सोडणार नाही.

परवा बहिणीचा फोन आला, तर मागे भांडणाचा आवाज. तो बापाशी तिथल्या राजकारणावरून तावातावाने वाद घालत होता, तोही चक्क मराठीत.

"रोज हेच," बहीण म्हणाली. "डोकं उठतं माझं." पण तिचा आवाज खुशीत होता. मग फोन बाजूला धरून ती ओरडली, "दोघंही गप्प बसा, आणि आधी जेवून घ्या!"