दरीपासून वीस पावलांवर

माझे वडील मालगाडीचे गार्ड होते. झाशीच्या आमच्या रेल्वे कॉलनीत एक नियम सोवळ्यासारखा पाळला जाई: ड्यूटीवरून येऊन झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही. आई त्या वेळात भांडंसुद्धा फडक्यावर ठेवी. माझं निम्मं बालपण कुजबुजण्यात गेलं.

आई साताऱ्याकडची. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी इथल्या खडकाळ, तापलेल्या मुलखात तिचा जीव रमला नव्हता. बेतवाच्या काठावर एका उंच जागेवरून दरी दिसते, असं शेजारणीने सांगितल्यापासून तिने वडिलांच्या मागे धोशा लावला होता. अखेर एका रविवारी रात्रपाळी संपवून घरी आले तसेच ते म्हणाले, चला.

बसचे धक्के खात पोचलो. वर सिमेंटची बाकं, पत्र्याची सावली, पाण्याचा नळ आणि इथे बुंदेला राजांची चौकी होती असं सांगणारा रंग उडालेला फलक. दशम्या संपायच्या आत वडील बाकावर आडवे झाले आणि घोरू लागले. कठडा तिथून वीस पावलांवर. मी जाऊन पाहून आले. आई मात्र पदराने त्यांच्या तोंडावरच्या माश्या वारत बसली. मी बसते म्हटलं, तर म्हणाली, तू बडबडशील. शेवटी तिथल्या चौकीदाराला राहवेना.

"भाभीजी, आप देख आइए, हम बैठे हैं यहाँ."

तिने त्यालाही हातानेच गप्प केलं. असे दोन तास गेले. मला दोघांचाही राग येत होता.

परतीच्या एकुलत्या एक बसने हॉर्न दिला तेव्हा वडील दचकून उठले. दरी पाहिलीस का, म्हणून त्यांनी विचारलं. आई म्हणाली, हो, छान आहे. त्यांना इतकं बरं वाटलं की माझ्याने खरं बोलवेना.

बसमध्ये ते पुन्हा झोपले. आई माझ्याकडे वाकली.

"खाली काय काय होतं गं?"

माझे पाय दुखत होते आणि मी तिच्यावर चिडलेही होते.

"काही नाही. पाणी आणि झाडं."

ती बरं म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

पुन्हा तिकडे जाणं झालं नाही. पुढे कुणी ती दरी पाहिली का म्हणून विचारलं, की आई वडिलांदेखत सांगायची, पाहिली ना, पाणी आणि झाडं. मी दिलं होतं तेवढंच तिच्याकडे होतं.